विमाबाईने दादाचं घर कसं घेतलं

आमच्या घरमालकिणीला सगळे भाडेकरू माघारी विमाबाई म्हणतात. तोंडावर मावशी. घर बघायला कुणी आलं की ती आधी नळ दाखवते, मग खिडक्या, आणि मग विचारते, "तुमच्या सामानाचा विमा आहे का?" नाही म्हटलं की तिचा चेहरा असा होतो, जणू समोरच्याने आंघोळ करत नसल्याची कबुली दिली आहे. मी आले तेव्हा माझ्याकडे एक पलंग आणि एक डुगडुगतं कपाट होतं. मी म्हटलं, "मावशी, हे जळून गेलं तरी माझं काय जाणार?"

"तुझं काही नाही जाणार. पण तुझ्या शेगडीने शेजारच्याचं घर जळलं तर त्याला काय देणार? हे कपाट?"

दुसऱ्याच दिवशी मी विमा काढला.

पाच-सहा घरांची मालकीण असूनही ती अजून शाळेची व्हॅन चालवते. मी ज्या डोळ्यांच्या दवाखान्यात काम करते तो शाळेच्या रस्त्यावरच आहे, म्हणून सकाळी ती मला पुढच्या सीटवर घेते. मागे पोरांचा गोंधळ, पुढे आम्ही दोघी. ही हकिगत मी त्या सीटवर तुकड्यातुकड्याने ऐकली. काही भाग तिच्या वहिनीने सांगितला. वहिनी आता मी राहते त्याच घरात, वरच्या मजल्यावर राहते, त्यामुळे तिच्याशी गाठ रोजचीच.

मावशीचा नवरा गेला तेव्हा मुलगी नुकती शाळेत जायला लागली होती. मावशी तिला घेऊन आईकडे आली. आईचं घर छोटं, पण स्वतंत्र. खाली पुढच्या बाजूला मोठा भाऊ आणि वहिनी, मागे अंगणाकडे उघडणारी एक खोली, आणि वर दोन खोल्या. मावशीला मागची खोली मिळाली. ती दुसऱ्याची व्हॅन पगारावर चालवायची, आणि आई नातीला सांभाळायची. पुढे आई अंथरुणाला खिळली. तिचं सगळं मावशीने केलं. दादा रोज संध्याकाळी दारातून डोकावून विचारायचा, "कशी आहे?" आणि उत्तर ऐकायच्या आत फोन कानाला लावायचा.

आईला जाऊन फार दिवस झाले नव्हते. दादाने जेवणाच्या टेबलावर कागद पसरले. तो मावशीला लहानपणापासून चिमी म्हणतो.

"चिमे, मी एक फ्लॅट घेतोय भाड्याने द्यायला. त्यासाठी या घरावर कर्ज काढतोय. बँकेला दोन नावं असली की कटकट होते. तू तुझा हक्क सोडल्याचं लिहून दे, म्हणजे सुटसुटीत होईल. बाकी घर काय, तुझंच आहे."

तिने सही केली. मी एकदा न राहवून विचारलं, "वाचलं नव्हतंस का?"

"वाचलं ना. वाचूनच केली. भाऊ होता."

काही महिन्यांनी दादा मागच्या खोलीत आला तो मोजपट्टी घेऊन. त्याने भिंती मोजल्या, खिडकी मोजली. मावशी मुलीच्या वह्यांना कव्हर घालत बसली होती.

"खोली भाड्याने द्यायचीय," तो म्हणाला.

"मी राहते ना इथे."

"राहा की. बाजारभावाने भाडं दे. मला हप्ता भरायचाय, चिमे. व्यवहारात नातं आणलं की नातं पण बिघडतं आणि व्यवहार पण."

तो हे रागाने म्हणाला असता तर तिने कदाचित माफ केलं असतं. तो मोजपट्टीकडे बघत बोलला. पट्टी सर्रकन डबीत परत गेली आणि तो बाहेर पडला. स्वयंपाकघराच्या दारात वहिनी एकच ताटली पुसत उभी होती.

मावशी त्याच आठवड्यात बाहेर पडली. सामान व्हॅनमध्ये भरलं, मुलीला पुढे बसवलं, आणि गाडी सुरू करण्याआधी म्हणाली, "बघ, हा माणूस एक दिवस माझ्या दारात येऊन विचारेल, भाडं किती?"

पोरीने विचारलं, "मग तू किती सांगशील?"

"ते तेव्हा बघू."

सूड घ्यायचा तर लोक काय काय करतात. मावशीने दादाचाच धंदा शिकायचा ठरवला. तो घरं घेऊन भाड्याने देतो ना? मग आपणही तेच करायचं, आणि त्याच्यापेक्षा चांगलं करायचं. आधी जुनी व्हॅन हप्त्यावर घेतली. शाळेच्या फेऱ्या झाल्या की दुपारी ऑफिसची पार्सलं, रविवारी लग्नाची वऱ्हाडं. व्हॅन फिटल्यावर ती बँकेत गेली. साहेबाने विचारलं, "उत्पन्नाचा पुरावा?" ती म्हणाली, "रोज सकाळी शाळेच्या फाटकात या, दिसेल." साहेब हसला आणि नाही म्हणाला. ती परत आली, सगळे पालक खात्यात पैसे भरतील अशी व्यवस्था केली, दरवर्षी कर भरला, आणि काही वर्षांनी त्याच खुर्चीसमोर जाऊन बसली. तेव्हा साहेबाने तिला पहिला धडा दिला. स्वतः राहायच्या घराला बँक सहज पैसे देते. भाड्याच्या घराला हात आखडता घेते, पदरचे जास्त घालायला लावते, आणि येणारं भाडंही पूर्ण धरत नाही, कारण घर कधी रिकामं पडेल सांगता येत नाही.

"मग मीही पूर्ण धरणार नाही," ती म्हणाली. तो तिचा पुढे नियमच झाला. वर्षातले काही महिने घर रिकामं राहिलं तरी हप्ता निघाला पाहिजे, तरच घ्यायचं. पहिलं घर तिने छापखान्याच्या वर घेतलं. दिवसभर यंत्रांची घरघर, फरशी पायाखाली थरथरायची, म्हणून स्वस्त. भाडेकरूही आवाज चालेल असेच शोधावे लागले. आधी आल्या त्या रात्रपाळीच्या, म्हणजे दिवसा झोपणाऱ्या, दोन नर्सेस. त्या आल्या, आवाज ऐकला आणि गेल्या. मग दिवसभर बाहेर असणारं जोडपं मिळालं.

विम्याचं वेड तिला याच घरात लागलं. वरच्या मजल्यावरची टाकी फुटली, छत भिजून खाली आलं, जोडपं निघून गेलं, आणि तीन महिने भाडं बंद. हप्ता मात्र चालू. तिच्या व्हॅनमधून एका विमा एजंटची मुलं जायची. तो फाटकाशी उभा राहून तिला समजावत होता, "मावशी, तुम्ही घराचा विमा घेतलाय तो मालक स्वतः राहतो असं धरून. भाडेकरू ठेवलात तर कंपनीला तसं कळवावं लागतं. हप्ता जास्त पडतो, पण मग घर बिघडल्यामुळे भाडं बुडालं तर तेही मिळतं, आणि तुमच्या घरामुळे दुसऱ्या कुणाला इजा झाली तर त्याचा खर्चही निघतो."

"आणि नाही कळवलं तर?"

"काही होत नाही. जोवर काही होत नाही तोवर."

मावशी ते वाक्य अजून ऐकवते. गाडीच्या विम्यात ती मुरलेली होतीच. कुणी चालवायची, कशासाठी चालवायची, हे खोटं सांगितलं तर अपघातानंतर कंपनी कशी हात झटकते, हे तिने दुसऱ्या व्हॅनवाल्यांचं बघितलं होतं. घराचंही तसंच, एवढं तिला पटलं, आणि तेव्हापासून तिने एकही घर विम्याशिवाय एक दिवस ठेवलं नाही.

इकडे दादा मोठा होत होता. त्याची रीत वेगळी. पहिल्या फ्लॅटचा भाव वाढला की त्यावर आणखी कर्ज काढायचं, ते पैसे दुसऱ्या फ्लॅटसाठी भरायचे, दुसऱ्याचा भाव वाढला की तिसरा. स्वतःचं असं त्याने फारसं काही घातलंच नव्हतं. वहिनीचे दागिने पहिल्या फेरीत गेले, आणि सगळ्याच्या तळाशी आईचं घर गहाण होतं. व्याजाचा दर खाली असेतोवर त्याची मान ताठ होती. नवी गाडी, नवं घड्याळ. नातेवाइकांना तो फुकट सल्ले द्यायचा.

मावशीने त्याच्याकडे जाणं सोडलं नव्हतं. मला याचं नवल वाटायचं. ती म्हणाली, "न जाऊन कसं चालेल? मला त्याच्यावर नजर ठेवायची होती."

दादाच्या एका वाढदिवसाला ती गेली. केक कापून झाला होता. दादा कुणा पाहुण्याला आपलं शास्त्र सांगत होता.

"विम्यात लोक उगाच पैसे घालवतात. कंपनीला सांगायचं, मीच राहतो. निम्म्या हप्त्यात काम. बँकेला काय, पॉलिसीचा कागद दिसला की झालं."

"सगळ्या फ्लॅटमध्ये तुम्हीच राहता?" पाहुणा हसत म्हणाला.

"सगळ्यात. सोमवारी इथे, मंगळवारी तिथे!"

सगळे हसले. मावशीच्या हातात केकची बशी होती. एका वाक्यात तिला त्याला सावध करता आलं असतं. तिने चमचा तोंडात घातला, सावकाश खाल्ला आणि म्हणाली, "हुशार आहेस हो, दादा."

दादा खूश झाला. पलीकडून वहिनीने मावशीकडे बघितलं. बघतच राहिली.

"तेवढ्यावर नाही थांबले मी," मावशीने मला सांगितलं. त्या एजंटने एकदा विचारलं होतं, तुमच्या भावाची बरीच घरं आहेत म्हणे, ओळख करून द्या. ती म्हणाली, "तिकडे फिरकायचं नाही. गेलात तर माझे सगळे विमे दुसऱ्याकडे." एजंट बिचारा भावाबहिणीचं भांडण समजून गप्प बसला. दादाला खरं सांगून विमा नीट करून देणारा तोच एक माणूस होता.

पुढची काही वर्षं ती वाट बघत राहिली. व्याजाचे दर चढायला लागले. मावशीने आपली कर्जं मुदतीआधी फेडायचा सपाटा लावला. दोन घरं पूर्ण मोकळी केली. दादाने मात्र आणखी एक फ्लॅट घेतला.

आणि मग एका दुपारी आग लागली.

दादाच्या भाडेकरूने विजेच्या स्कूटरची बॅटरी आत आणून चार्जिंगला लावली होती. घरातलं वायरिंग जुनं. भाडेकरूने दोनदा तक्रार केली होती की सॉकेट तापतं, आणि दादा म्हणाला होता, "बघतो." सॉकेट वितळलं, पडदा पेटला, आणि बघता बघता तो फ्लॅट आणि वरचा फ्लॅट कोळसा झाले. जीव कुणाचा गेला नाही. भाडेकरूच्या म्हाताऱ्या आईला शेजाऱ्यांनी चादरीत गुंडाळून खाली आणलं.

बातमी मावशीला शाळेच्या फाटकात कळली. मुलांना सोडून रिकामी व्हॅन घेऊन ती तिकडे गेली, कोपऱ्यावर लावली आणि काचेतून बघत बसली. खिडक्यांच्या जागी काळी भोकं. खाली दादा दोन्ही हात डोक्यावर घेऊन फिरत होता.

"काय वाटलं?" मी विचारलं.

"बरं वाटलं. खोटं कशाला बोलू? पोट भरल्यासारखं वाटलं." समोरचा सिग्नल हिरवा झाला, मागच्याने हॉर्न दिला. गाडी पुढे काढत ती म्हणाली, "मग फुटपाथवर ती म्हातारी दिसली. तोंडाला ऑक्सिजनची नळी लावलेली, आणि एका पायात चप्पल. मग जरा कमी बरं वाटलं."

विमा कंपनीचा माणूस आला ते वहिनीने मला सांगितलं. अगदी सभ्य माणूस. जळक्या खोलीत उभं राहून त्याने दादाला विचारलं, "आपण इथे राहता?"

"हो."

"कुठल्या खोलीत झोपता?"

दादाने एका खोलीकडे बोट दाखवलं. तिथे अर्धवट जळलेल्या कपाटात बायकांचे गाऊन लटकत होते.

"हे आपले?" तो माणूस म्हणाला. हसला नाही. त्याने फोटो काढले आणि गेला.

कंपनीने एक पैसा दिला नाही. म्हातारीच्या दवाखान्याचा खर्च, वरच्या फ्लॅटवाल्याचं नुकसान, भाडेकरूचं सामान, सगळं दादाच्या गळ्यात पडलं. भाडी थांबली, हप्ते थांबेनात. सगळी घरं एकमेकांत अडकवलेली, त्यामुळे एक फ्लॅट पडल्या भावात विकला की बँक दुसऱ्याकडे बोट दाखवायची. वर्षा-दीड वर्षात सगळं गेलं. शेवटी आईचं घर लिलावात निघालं.

मावशी त्या दिवसासाठी तयारच होती. बँकेत जाऊन तिने आपली दोन मोकळी घरं तारण ठेवली आणि लिलावाआधी कर्ज मंजूर करून घेतलं. मुलगी आता कमावती झाली होती. ती आकडे मांडून बसली आणि म्हणाली, "आई, हे बसत नाही. या घराचं भाडं हप्त्याला पुरणार नाही. तुझाच नियम आहे."

"माहितीय."

"मग ही गुंतवणूक नाही. ही खुन्नस आहे."

"हो," मावशी म्हणाली. "खुन्नसच आहे. जामीन म्हणून तुझी सही लागेल, करतेस का?"

मुलीने आईकडे बघितलं. तिलाही ती व्हॅन, ते सामान, वह्यांची अर्धी घातलेली कव्हरं आठवत होती. तिने सही केली.

लिलाव बँकेच्या कचेरीत वरच्या मजल्यावर झाला. प्लॅस्टिकच्या खुर्च्या, कुरकुरणारा पंखा, आणि बँकेचा अधिकारी सर्दीने बेजार. बोली लावायला मावशी, एक जागांचा दलाल आणि कुणी तरी चौकशीला आलेले. दादा दुसऱ्या रांगेत बसला होता. मावशीला बघून तो चमकला, आणि मग त्याचे डोळे भरून आले. बहीण वाचवायला आली, असं त्याला वाटलं. दलाल बोली चढवत गेला. मावशी त्याच्याकडे न बघता प्रत्येक वेळी वर जात राहिली. हिशोबाची हद्द कधीच मागे पडली होती. शेवटी दलाल फाइल बंद करत म्हणाला, "बाई, तुम्हाला घर नकोय, काहीतरी वेगळंच हवंय," आणि उठून गेला.

घर तिचं झालं. जिन्यात दादा तिच्या मागे आला.

"चिमे, मला खात्री होती. घर घरातच राहिलं."

"घर माझ्याकडे राहिलं, दादा."

"तेच म्हणतोय मी."

"नाही. तू वेगळं म्हणतोयस. महिनाअखेर रिकामं कर. आणि राहायचंच असलं, तर बाजारभावाने भाडं दे."

हे वाक्य तिने इतकी वर्षं घोळवलं होतं, गाडी धुताना, सिग्नलला, आजारपणात. तिला बघायचं होतं त्याचं तोंड. तो चिडेल, हात जोडेल, रडेल, निदान त्याला ती मोजपट्टी आठवेल. दादाने नुसती मान डोलावली. मग म्हणाला, "बरोबर आहे. तुलाही हप्ता असणार." आणि दोन पायऱ्या उतरून मागे वळला. "पावसाळ्याआधी मागची भिंत बघून घे. ओल धरते."

"मी तिथे जिन्यात उभीच राहिले," मावशी म्हणाली. "मी त्याच्या तोंडात मारली आणि त्याला लागलंच नाही. त्याला आठवतच नव्हतं गं. माझं अख्खं आयुष्य ज्यावर उभं होतं, ते त्याला आठवत नव्हतं! मग मला आणखी राग आला. आता तर याला बाहेर काढायचाच, आणि सामान रस्त्यावर ठेवायचं, असं ठरवलं."

तिने काढलंही असतं. पण चार दिवसांनी वहिनी शाळेच्या फाटकात आली. मुलं सुटायला अवकाश होता. मावशीने व्हॅनचं दार उघडलं आणि दोघी आत बसल्या.

"वरच्या दोन खोल्या मला भाड्याने द्या," वहिनी म्हणाली. "मी कुरिअरच्या ऑफिसात काउंटरवर लागलेय. भाडं मी भरेन."

"वहिनी, तुमच्यावर माझा राग नाही, पण त्याला मी..."

"तुम्हाला माहीत होतं ना, ताई? केक खात होतात तेव्हा?"

इतकी वर्षं कुणाला कळलं नाही असं ती धरून चालली होती.

"मी तुमचा चेहरा बघितला," वहिनी शांतपणे म्हणाली. "बघितल्याबरोबर कळलं. मीही त्यांना काही बोलले नाही. त्याच्या आधी एकदा बोलले होते, कंपनीला खोटं सांगू नका म्हणून. तर मला म्हणाले, तुला व्यवहारातलं काय कळतं? तेव्हापासून मी व्यवहारातलं काही बोलायचंच सोडलं. माझे दागिने कुठल्या फ्लॅटच्या भिंतीत गेले तेही मला माहीत नाही."

दोघी समोरच्या काचेकडे बघत बसल्या.

"तुम्हाला बाहेर काढलं तेव्हाही मी बोलले नव्हते," वहिनी म्हणाली. "त्याची माफी मागायला नाही आले. ते झालं ते झालं. खोल्या मिळतील का, ते सांगा."

"आणि तो?"

"करार माझ्या एकटीच्या नावाने करा. त्यांचं नाव भाडेकरू म्हणून नको. सोबत राहणारी व्यक्ती, असा एक रकाना असतो ना? त्यात लिहा."

मावशी इतक्या जोरात हसली की शाळेचा वॉचमन बघायला आला. मागाहून ती मला म्हणाली, "इतकी वर्षं डोकं चालवूनही मला असलं काही सुचलं नाही. त्या बाईने उभ्याउभ्या केलं."

करार झाला. सामानाचा विमा वहिनीने आधीच काढून आणला होता. सह्या करताना दादाने कागद वाचला, आपलं नाव कुठे आहे ते शोधलं, सापडलं, आणि बराच वेळ त्या ओळीवर बोट ठेवून बसला. तेव्हा मात्र त्याच्या कपाळावरची शीर उडत होती. मावशीने ती बघितली. पेनाचं टोपण लावत म्हणाली, "दादा, तुझी सही नकोय. तू नुसता बस."

ती हे सांगते तेव्हा तिच्या गालावर चक्क खळी पडते.

एवढ्यावर हिशोब चुकता झाला असता तर बरं होतं. पण त्या जळलेल्या घरातली म्हातारी अजून खोकते. दादाचा विमा खरा असता तर तिचा दवाखाना त्यातून निघाला असता. तिच्या मुलाने उसनेपासने करून बिलं भरली. मावशीने त्यांना आपल्या दुसऱ्या एका ठिकाणचं तळमजल्यावरचं घर दिलं, बाजारभावापेक्षा बऱ्याच कमी भाड्यात. का, ते सांगितलं नाही. तो मुलगा भाडं द्यायला आला की म्हणतो, "मावशी, तुमच्यासारखी माणसं राहिली नाहीत." ती त्याच्यावर खेकसते, "नळ गळतोय का? नाही ना? मग निघ." तो मला एकदा म्हणाला, स्वभाव तिखट आहे पण मन मोठं.

मावशीला मी त्याबद्दल विचारलं होतं. ती म्हणाली, "केक खाताना मला फक्त दादा दिसत होता. त्याच्या घरात माणसं राहतात, हे डोक्यातच आलं नाही. आलं असतं तर बोलले असते का, ते मात्र विचारू नकोस."

आईच्या घराचा हप्ता अजून भाड्यातून निघत नाही. मुलीने सांगितलं होतं तसंच झालं. व्हॅन चालवणं त्यासाठीच चालू आहे. दादा वरच्या खोल्यांत राहतो, सकाळी जिन्यात उभा राहून येणाऱ्याजाणाऱ्याला जागांचे भाव सांगतो. सवय जात नाही. वहिनी कामावर निघताना त्याला भाजीची यादी देते आणि तो ती खिशात घालतो. मावशी दिसली की त्याला राहवत नाही, एखादा सल्ला देतोच. दरवाजे बदल, गच्चीवर पत्रा घाल, अमक्या बँकेचा दर कमी आहे.

गेल्या वर्षी तिने छापखान्यावरचं घर विकायचा विचार काढला, म्हणजे कर्जाचं ओझं जरा उतरेल. गिऱ्हाईक आलं होतं, पण तिचं ठरत नव्हतं. दादाला कळलं. तो धावत खाली आला आणि व्हॅनच्या खिडकीत वाकून म्हणाला, "चिमे, आत्ता विकू नकोस. छापखाना उठतोय तिथून. वर्षभर थांब, भाव दुप्पट होईल. माझं ऐक."

मी शेजारीच बसले होते. मावशीने त्याच्याकडे बघितलं, फोन उचलला आणि त्याच्यासमोर गिऱ्हाइकाला सांगितलं, "घर तुमचं. उद्या कागद करू."

छापखाना खरंच उठला. भावही चढला. परवा दादाने जिन्याशी मला थांबवून नवा भाव सांगितला, हळहळत, जणू पैसे त्याच्याच खिशातून गेले. मी व्हॅनमध्ये बसल्यावर मावशीला ते सांगितलं. तिने आरसा नीट केला, मागच्या पोरांना खाली बसायला सांगितलं आणि गाडी गिअरमध्ये टाकली.

"चढू दे," ती म्हणाली. "त्याचं ऐकून पैसे मिळणार असतील तर मला नकोत."